उन्मादी कोण, अपराधी कोण?

एखाद्या निर्घृण हत्येची वार्ता वर्तमानपत्रात आली, की त्या दिवशी चिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षात दोन उद्गार हमखास कानी पडतात. "तो वेडाच असला पाहिजे, शहाणा मनुष्य असे करणार नाही," हा पहिला. आणि "तो माणूस नव्हेच, राक्षस आहे," हा दुसरा. पहिल्या उद्गारात अपराध्याला रुग्ण ठरविले जाते, दुसऱ्यात त्याला मनुष्यकोटीतूनच बाहेर काढले जाते. सामान्य मनुष्याने उद्वेगाच्या भरात असे बोलावे, यात नवल नाही. वैद्याची गोष्ट मात्र निराळी आहे. 'उन्माद' आणि 'राक्षस' हे दोन्ही शब्द आपल्या संहितांत पारिभाषिक अर्थाने आलेले आहेत; त्यांची लक्षणे सांगितलेली आहेत आणि मर्यादाही आखून दिलेल्या आहेत. शिवाय रुग्णाचे नातेवाईक आपले बोलणे केवळ मत म्हणून ऐकत नाहीत, निदान म्हणून ऐकतात. म्हणून हे शब्द आपल्या तोंडून तोलूनमापूनच निघाले पाहिजेत.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : हिंसक गुन्ह्याचा दोष सरसकट मनोविकारावर टाकणे शास्त्रविरुद्ध आहे आणि तो अमानुष दुष्टत्वावर टाकणेही शास्त्रविरुद्ध आहे. चरकाचार्यांनी या प्रश्नाची जी विभागणी केली आहे, ती आजच्या न्यायशास्त्राशी व मानसशास्त्राशी पुष्कळ अंशी जुळते. ती नीट ध्यानात घेतली, तर आपल्या दैनंदिन व्यवहारातही तिचा उपयोग होतो.

संहितेतील तीन स्थाने

चरकसंहितेत हिंसेचा विचार एकाच ठिकाणी आलेला नाही. तो तीन भिन्न स्थानी, तीन भिन्न हेतूंनी आला आहे.

पहिले स्थान उन्मादाचे. निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात उन्मादाची व्याख्या करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. पित्तज उन्मादाच्या लक्षणांत अमर्ष, अस्थानी क्रोध आणि शस्त्र, ढेकूळ, काठी, मूठ यांनी प्रहार करणे यांचा उल्लेख येतो. म्हणजे उन्मादी रुग्ण कधी हिंसक होऊ शकतो, हे आचार्यांनी नाकारलेले नाही. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हा प्रहार इतरांवर होतो तसा स्वतःवरही होतो, असे तेथेच सांगितले आहे. आणि उन्माद कोणास होतो हे सांगताना आरंभीच भीरू, म्हणजे भित्र्या मनुष्याचा निर्देश आहे. क्रूर मनुष्याचा नव्हे.

दुसरे स्थान सूत्रस्थानातील सातव्या, म्हणजे 'नवेगान्धारणीय' अध्यायाचे. मलमूत्रादी वेग रोखू नयेत हे सांगून झाल्यावर आचार्य धारणीय वेगांकडे वळतात. लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या हे मनाचे वेग. कठोर व असत्य भाषण हे वाणीचे वेग. आणि परपीडा, चोरी, हिंसा हे देहाचे वेग रोखावेत, असा उपदेश आहे. येथे हिंसा हा रोग नाही. तो स्वस्थ मनुष्याच्या ठिकाणी उद्भवणारा आणि त्याला रोखता येणारा वेग आहे. जो रोखता येत नाही, तो रोखावा असा उपदेश शास्त्र करणार नाही. जबाबदारीची कल्पना या एका वर्गीकरणातच सामावलेली आहे.

तिसरे स्थान शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायाचे. तेथे सत्त्वभेद सांगताना राजस प्रकारांत आसुर, राक्षस, पैशाच इत्यादी सहा सत्त्वे वर्णिली आहेत. आसुर सत्त्वाचा मनुष्य उग्र, मत्सरी, निर्दय; राक्षस सत्त्वाचा मनुष्य दीर्घद्वेषी, छिद्र पाहून प्रहार करणारा, क्रूर. ही वर्णने मनुष्यांच्या स्वभावांची आहेत, मनुष्येतर योनीची नव्हेत. हे सत्त्वभेद रोगाधिकारात घातलेले नाहीत, आणि अशा स्वभावाच्या मनुष्याला विधिनिषेधातून सूटही दिलेली नाही.

या तिन्ही स्थानांना जोडणारा दुवा म्हणजे प्रज्ञापराध. धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणारे अशुभ कर्म, अशी त्याची मांडणी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहे. अहितकर विषयाकडे धावणाऱ्या मनाला आवरणे हे धृतीचे कार्य. पुष्कळशा हिंसक गुन्ह्यांत धी शाबूत असते. आपण काय करीत आहोत हे करणाऱ्यास पुरते कळत असते. ढळलेली असते ती धृती. उन्मादात मात्र कळण्याचे साधनच बिघडलेले असते. हा भेद विसरल्यामुळेच दोन्ही उद्गार चुकीच्या वाटेने जातात.

महाराष्ट्राच्या स्मरणातील दोन खटले

हा भेद प्रत्यक्षात कसा दिसतो, हे पाहण्यास महाराष्ट्रातील दोन सुपरिचित प्रकरणे पुरेशी आहेत. दोन्हींचा शेवटचा भाग पुण्याच्या येरवडा कारागृहाशी निगडित आहे.

पहिले प्रकरण रमण राघवचे. १९६५-६६ आणि पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत पदपथावर व झोपड्यांत झोपलेली गोरगरीब माणसे रात्री डोक्यात प्रहार करून मारली जात होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी रमण राघव यास अटक झाली. त्याने चाळीसच्या घरात खुनांची कबुली दिली. त्याच्या मनःस्थितीविषयी वैद्यकीय मते प्रारंभापासूनच भिन्न होती. पोलीस शल्यचिकित्सकांना त्याच्यात मनोविकार आढळला नाही, तर बचाव पक्षाने बोलाविलेल्या मनोविकारतज्ज्ञांनी तो जुनाट स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे छिन्नमनस्कतेचा, रुग्ण असल्याचे सांगितले. सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये त्याला फाशी सुनावली. त्याने अपील केले नाही. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाकडून त्याची तपासणी करविली. आपण 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, लोक आपले पुरुषत्व हिरावून घेऊ पाहत आहेत, अशा दृढ भ्रमांनी तो ग्रासलेला असल्याचे त्यांना आढळले. अखेर १९८७ मध्ये त्याची शिक्षा जन्मठेपेत परिवर्तित झाली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला.

दुसरे प्रकरण जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यातील चित्रकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या एका टोळीने दहा माणसांचे प्राण घेतले. संस्कृत व्याकरणाचे थोर अभ्यासक काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांच्या घरातील चार जण त्यांत होते. पहिला बळी तर याच विद्यार्थ्यांच्या परिचयातील तरुण होता. 'मी घर सोडून जात आहे' अशा आशयाची चिठ्ठी त्याच्याच हातून लिहवून घेऊन मग त्याला मारण्यात आले आणि नंतर त्याच्या वडिलांकडे खंडणी मागण्यात आली. चार आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांपैकी मुनव्वर शाह याने कारागृहात लिहिलेल्या आत्मकथनाला 'यस, आय ॲम गिल्टी' असे नाव दिले.

चिठ्ठी लिहवून घेणारा मनुष्य पोलीस कसा विचार करतील याचा अंदाज बांधतो, वडील किती रक्कम देतील याचा हिशेब करतो, पुरावा नाहीसा करतो. त्याची धी, स्मृती, संज्ञाज्ञान सारे जागेवर आहे. लोभाचा वेग उद्भवला, तो रोखला गेला नाही. पहिल्या कृत्यानंतर दुसरे अधिक सोपे झाले. हा संहितेच्या भाषेत निखळ प्रज्ञापराध आहे. येथे 'वेडे' हा शब्द वापरणे म्हणजे मृतांच्या आप्तांवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. रमण राघवच्या बाबतीत मात्र अष्टविभ्रमांपैकी बहुतेक दिसतात. तरीही तेथेही सरळ रेषा ओढता येत नाही. तो पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात कारावास भोगून आला होता. उन्माद झाला म्हणून मनुष्याचा आधीचा स्वभाव पुसला जात नाही, आणि स्वभाव वाईट होता म्हणून उन्माद खोटा ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच देहात नांदू शकतात. म्हणूनच तज्ज्ञांची मते भिन्न झाली आणि निर्णयास अठरा वर्षे लागली.

न्यायालयाची कसोटी

वैद्याचे निदान आणि न्यायालयाचा निर्णय यांत अंतर आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ज्ञात नसते. १८४३ मध्ये लंडन येथे डॅनियल मॅकनॉटन नावाच्या मनुष्याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाची हत्या केली. पीलच्या पक्षाचे लोक आपला छळ करीत आहेत, असा त्याचा भ्रम होता. तो निर्दोष सुटला, मोठा गदारोळ झाला, आणि त्यातून न्यायाधीशांनी जे नियम घालून दिले, ते आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिच्या कलम २२ मध्ये हीच तरतूद आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप, अथवा ते अयोग्य किंवा बेकायदा आहे हे समजण्यास मनुष्य असमर्थ असेल, तरच तो अपराध ठरत नाही.

म्हणजे संहितेतील आठ विभ्रमांपैकी कायदा मुख्यतः एकाच, बुद्धीच्या, विभ्रमाविषयी विचारतो. आणि तोही त्या विशिष्ट क्षणापुरता. वैद्यकीय दृष्ट्या रुग्ण असणे आणि कायद्याच्या दृष्टीने विकल असणे या भिन्न बाबी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सुरेंद्र मिश्रा प्रकरणात स्पष्ट केले आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हाही सांगतो, की केवळ मनोविकाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती 'मनोविकल' समजली जाणार नाही; तसे ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. समाजाच्या नैतिक मूल्यांशी न जुळणारे वर्तन हा निदानाचा आधार असू नये, असेही त्यात म्हटले आहे. दुष्ट वर्तनाला रोगाचे नाव देण्याची वाट तेथे बंद होते.

रुग्णावर होणारा अन्याय

सर्व हिंसा मनोविकारातून येते, ही समजूत आकड्यांच्या कसोटीस उतरत नाही. स्वीडनमध्ये १९८८ ते २००० या काळातील हिंसक गुन्ह्यांचा रुग्णालयीन नोंदींशी मेळ घालून अभ्यास झाला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गंभीर मनोविकाराशी जोडता येणारे गुन्हे १०० मध्ये सुमारे ५ होते. उरलेल्या ९५ गुन्ह्यांचे कारण अन्यत्र शोधावे लागते. जो काही वाढीव धोका काही रुग्णांत दिसतो, त्यातील मोठा वाटा मद्य व अन्य मादक द्रव्यांच्या सेवनाचा असतो, असेही पुढील अभ्यासांतून दिसून आले. आपल्या देशात बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्य उपचारांविना होते. दहांतील एक मनुष्य जर हिंसेचा उगम असता, तर आपली गावे राहण्याजोगी राहिली नसती.

वस्तुतः मनोरुग्ण हा हिंसा करणारा असण्यापेक्षा हिंसा सोसणाराच अधिक वेळा असतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा होरपळून मृत्यू झाला.

आमच्या अनुभवातील एक प्रसंग येथे नमूद करणे उचित होईल. आमच्याकडे एक माता आपल्या मुलाच्या पोटाच्या तक्रारीसाठी येत असे. मुलगा छिन्नमनस्कतेचा रुग्ण. मनोविकारतज्ज्ञांच्या उपचारांनी सहा वर्षे स्थिर, किराणा दुकानात नोकरीला. एका गाजलेल्या हत्येनंतर आरोपी 'मनोरुग्ण' असल्याच्या बातम्या आठवडाभर छापून आल्या. त्या माउलीने येऊन विनविले, "वैद्यराज, तुमच्या केसपेपरवर त्याच्या त्या आजाराचं नाव असेल, तर तेवढं पान फाडून टाका. मालकाला कळलं तर काम जाईल." मुलाने आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. आम्ही पान फाडले नाही. केसपेपर अन्य कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, एवढे आश्वासन दिले. पण ज्या घरांत रोग अद्याप उघड झालेला नाही, तेथे हीच भीती काय करीत असेल? तेथे निदानच टाळले जाते, उपचार लांबतात आणि मुलगा अंधाऱ्या खोलीत पडून राहतो.

'राक्षस' म्हणण्यातील धोका

दुसरा उद्गारही निरुपद्रवी नाही. अपराधी हा कोणी अमानुष प्राणी आहे असे मानले, की त्याच्या कृत्याची कारणे शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. मद्य, घरातील मारहाण, वर्षानुवर्षे साठत गेलेला द्वेष, झटपट पैशाचा लोभ या साऱ्यांकडे दुर्लक्ष होते. ही कारणे सांगणे म्हणजे अपराध्यास क्षमा करणे नव्हे. आमवाताचे निदान सांगणारा वैद्य आमवाताची बाजू घेत नसतो.

शिवाय आपल्या समाजात दुष्टत्वाची कल्पना लवकरच भूतबाधेकडे वळते आणि तिचे फटके रुग्णाला बसतात. या बाबतीत निदानस्थानाच्या सातव्या अध्यायाचा उपसंहार प्रत्येक वैद्याने पुन्हा वाचावा. देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कोणीही निर्दोष मनुष्याला पीडा देत नाही. स्वतःच्या प्रज्ञापराधातून उद्भवलेल्या व्याधीचा ठपका त्यांच्यावर ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. भूतविद्या हे अष्टांगांपैकी एक अंग मानणाऱ्या परंपरेतील आचार्याने हे लिहावे, यातील धैर्य लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र याच वचनाचा आधार घेऊन रुग्णालाच 'तुझे कर्म' म्हणून दूषण देणे हाही अनर्थ होय. तेथे उपदेश आहे तो हितकर आचरण स्वीकारण्याचा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे वा मारणे हा त्याखाली गुन्हा आहे.

आपले कर्तव्य

आता व्यवहाराकडे वळू.

पहिली गोष्ट प्रमाणपत्राची. खटला सुरू झाल्यावर मागील तारखेचे 'मानसिक उपचार सुरू होते' असे पत्र मागणारे नातेवाईक अधूनमधून येतात. दयेपोटीही ते देऊ नये. २०१७ च्या अधिनियमात मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तर पदवीधरांचा समावेश आहे, केवळ बी.ए.एम.एस. पदवीधारकांचा नाही. त्याचप्रमाणे खरोखरीच्या जुन्या नोंदी न्यायालयाने मागितल्या, तर त्या दडवूही नयेत. म्हणून नोंदी दिनांकासह व लक्षणांसह नीट ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट धोक्याची लक्षणे ओळखण्याची. 'मला मारायला टपले आहेत' असा दृढ संशय, आज्ञा देणारे आवाज ऐकू येणे, दीर्घ निद्रानाश, उशाशी शस्त्र ठेवणे, आणि या सर्वांत मद्याची भर. असा रुग्ण दिसताच त्याला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. त्यांचे चालू असलेले औषध आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद होणार नाही, याची काळजी घ्यावी.

तिसरी गोष्ट उपचारपद्धतीची. चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायात अनावर रुग्णास घट्ट परंतु मृदू पट्ट्यांनी बांधावे, तसेच त्रासन करावे, असे उपाय आले आहेत. त्या काळाच्या साधनांच्या मर्यादेत ते समजून घ्यावेत. आज ते आचरू नयेत. साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने पूर्ण मनाई आहे. त्रिविध औषधांपैकी सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, हे मात्र आजही आपले प्रमुख साधन आहे. क्रोध न आवरणारा पती, मुलांना मारणारा पिता, मदात्ययाचा रुग्ण हे सारे आपल्याकडे अम्लपित्त वा रक्तदाब घेऊन येतात. ते उन्मादी नाहीत. धारणीय वेगांचे धारण त्यांना शिकविता येते. हिंसा घडण्यापूर्वी तिच्याशी गाठ पडण्याची संधी कुटुंबवैद्याइतकी कोणालाच मिळत नाही.

चौथी गोष्ट औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींसाठी. सर्पगंधा हे आपल्या परंपरेचे मोठे योगदान आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांतील तिच्या उपयोगावर लिहिले, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि पुढे पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत ते वापरले गेले. परंतु तीच सर्पगंधा रक्तदाब फार उतरविते आणि विषादही निर्माण करू शकते. 'घरात फार चिडचिड करतो, डोके शांत होईल असे काही द्या' या मागणीवर, रुग्ण न पाहता, ती देऊ नये. 'वेड हमखास बरे' अशा जाहिरातीस औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये बंदी आहे. तसे फलक दुकानात लावू नयेत.

शेवटी एवढेच, की पुढच्या वेळी प्रतीक्षाकक्षात ते दोन उद्गार ऐकू येतील तेव्हा आपण गप्प राहू नये. अपराध कोणी केला हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, रोग आहे की नाही हे ठरविणे तज्ज्ञांचे काम आहे, आणि बहुतेक मनोरुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत, हे शांतपणे सांगावे. त्याच बाकावर आपल्या मुलाच्या आजाराचे नाव लपवून बसलेली एखादी माता ते ऐकत असण्याचा संभव असतो.